माया किती धरायची

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. अंगावर पंधरा सेंटिमीटर लिहिलेले आहेत, प्रत्यक्षात थोडे कमी भरतील, पण ते पुढे येईलच. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. माझा कुणावरही विश्वास नाही. "साधारण", "जवळजवळ", "असेल तेवढंच" हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो. माझी गोष्ट वाचून तुम्ही "छान आहे" म्हणालात, तरी मी विचारणार, किती छान?

हा स्वभाव मला जन्मापासूनचा. एका कारखान्यात लांबलचक पत्र्यातून आम्हा चारशे बहिणींना कापून काढलं, घासलं, अंगावर रेघा कोरल्या आणि एका बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्या बाई आम्हाला एकेक करून एका जाडजूड मूळ पट्टीला लावून बघायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. माझ्या शेजारणीला त्यांनी अर्ध्या मिलिमीटरसाठी बाजूच्या डब्यात टाकलं. तो डबा वितळवायला जायचा. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला दोनदा लावून पाहिलं आणि पास केलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं की जगात बरोबर अशी मीच. फक्त एक शंका राहिली, त्या मूळ पट्टीला कुणी तपासलं असेल?

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तपासणी खोलीत आले. ही खोली रुग्णांना कधी दिसत नाही. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, मधोमध नळ आणि सांडपाण्याचं भोक असलेलं स्टीलचं टेबल. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा, तरी फॉर्मालिनच्या वासाने नव्या माणसाचे डोळे चुरचुरतातच. भिंतीवर एक पांढरा फळा. ऑपरेशनमध्ये शरीरातून काढलेले भाग ट्रेमधून इथे येतात. त्यांत रोग कुठे आहे, केवढा आहे आणि कापलेल्या काठापासून किती लांब आहे, हे बघायचं काम या खोलीचं. त्यातलं "किती लांब" हे माझं.

खोलीत दोन माणसं कायमची, मोजणारे हाताखालचे डॉक्टर बदलत राहायचे. एक मॅडम, म्हणजे पॅथॉलॉजीच्या प्रमुख डॉक्टर. दुसरे मामा. ते कुणाचे मामा होते देव जाणे, पण शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. हत्यारं धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि फळ्यावर आकडे लिहिणं हे त्यांचं काम. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, मामांनी फळ्यावर लिहायचा, मॅडमनी तो फळ्यावरून रिपोर्टात उतरवायचा. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटे. एक आकडा आणि तीन माणसं, म्हणजे चुकायला तीन जागा. पण मला कोण विचारतो?

सातव्या वर्षी मी टेबलावरून फरशीवर पडले, शून्याच्या टोकावर. कोपरा वाकला आणि हातमोजे फाडू लागला. मामांनी मला मागच्या पायरीच्या दगडावर घासून घासून गुळगुळीत केलं. घासताना ते कसलंसं गाणं गुणगुणत होते. माझ्याशी त्यांचं काही वैर असावं असा मला दाट संशय आला. त्या दिवसापासून मॅडम मला शून्याऐवजी एक सेंटिमीटरच्या रेघेपासून लावू लागल्या. त्या अशा का वागतात हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. शून्य त्यांना आवडत नसेल, एवढंच मनाशी म्हटलं आणि आपल्या चकाकत्या टोकावर खूश राहिले. कौतुकही होतंच. "आमची पट्टी बोलते," असं मॅडम पाहुण्या डॉक्टरांना सांगत. अशी नऊ वर्षं गेली.

मग एका सकाळी सर्जन खाली आले. त्यांना सगळे नुसतं "सर" म्हणत. सरांची स्वतःची पट्टी नेहमीच हरवलेली असे. "पाच मिनिटांत परत देतो," म्हणत त्यांनी मला खिशात टाकलं. पाच मिनिटं म्हणजे किती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्यांच्या खोलीत एक नवरा-बायको बसले होते. नवरा उंच, किडकिडीत, गळ्यात मोजायची टेप. दुकानातून तसेच उठून आले असावेत. सर त्यांना "मास्तर" म्हणाले तेव्हा कळलं की हे शिंपी. बायको शेजारी रिपोर्टांची फाईल मांडीवर दाबून बसली होती. बटणं, हेम, काजं हे तिच्याकडे आणि कापणं मास्तरांकडे, असा त्यांचा संसार.

सरांनी कागदावर जठराचं चित्र काढलं. खालच्या भागात एक काळा ठिपका दिला. "गाठ इथे आहे. पण नुसती गाठ काढून भागत नाही. तिच्याभोवतीचा चांगला दिसणारा भागही काढावा लागतो," असं म्हणून त्यांनी मला ठिपक्याच्या वर ठेवलं आणि एक रेघ मारली.

"चांगला दिसतोय तर काढायचा कशाला?" बायकोने विचारलं.

"चांगला दिसतो म्हणून चांगला असेलच असं नाही ना, ताई."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या मनातलं बोलणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. मी कान टवकारले.

सर पुढे सांगत होते. जठराभोवतीच्या चरबीत वाटाण्याएवढ्या छोट्या गाठी असतात, रोग आधी त्यांच्यात शिरतो. एक रांग जठराला चिकटलेली, दुसरी थोडी लांब, रक्तवाहिन्यांच्या कडेने. या दोन्ही रांगा काढायच्या आणि तिथे थांबायचं.

"थांबायचं का?" मास्तर म्हणाले. "पोट उघडताच आहात तर सगळंच साफ करा की. पुन्हा कटकट नको."

"माझे गुरू तसंच करायचे. प्लीहा काढायचे, स्वादुपिंडाचं टोक काढायचे. ऑपरेशन बघणाऱ्याला वाटायचं, काय काम आहे! पण टाके सुकायच्या आत माणूसच खचायचा. जास्त कापलं की जास्त बरं होतं, असा हिशोब नाही हो मास्तर."

मास्तर चित्राकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी सापडल्याचं दिसलं. "म्हणजे माया किती धरायची, असा प्रश्न आहे होय!"

"माया?" सर गोंधळले.

"शिवणीच्या आत जादा कापड ठेवतो ना आम्ही, त्याला माया म्हणतात. फार कमी धरली तर शिवण उसवते. फार जास्त धरली तर कपडा अंगावर बसत नाही. आयुष्य गेलं माझं त्यात." थोडं थांबून ते म्हणाले, "फक्त आमची माया कपड्यात राहते. तुमची कापलेल्या तुकड्याबरोबर जाते."

सर मोठ्याने हसले आणि कागदावर रेघेशेजारी त्यांनी "माया" असं लिहिलं. बायको हसली नाही. "डॉक्टर, सगळं पोट नका हो काढू," ती म्हणाली. "आधीच हे चिमणीसारखे जेवतात. थोडं यांच्यासाठीपण राहू द्या."

सरांनी मग काहीही न लपवता सांगितलं. वरचा एक तृतीयांश भाग ठेवायचा बेत होता. पण मास्तरांची गाठ कडेने न दिसता पसरणाऱ्यांपैकी होती. म्हणून मास्तर भुलीत असतानाच काढलेला तुकडा तपासणीला जाणार. काठ गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार आणि गाठीपासून काठापर्यंतचं अंतर मोजणार. "काठ स्वच्छ हवा आणि अंतर तीस मिलिमीटर तरी हवं. ही माझी अट. दोन्ही मिळालं तर थांबणार. एक जरी कमी पडलं, तर उरलेलं पोटही काढावं लागेल. मग दिवसातून सात-आठ वेळा चार-चार घास खायचे, जन्मभर."

 बायकोने फाईल आणखी घट्ट धरली.

"आणि मोजणार कशाने?" मास्तरांनी विचारलं.

"याच पट्टीने."

मास्तरांनी मला उचललं, डोळ्यांजवळ धरलं, गळ्यातली टेप काढून माझ्या अंगाला लावली. एकदा लावली, उलटी करून लावली. मग मला टेबलावर ठेवत शांतपणे म्हणाले, "साहेब, ही पट्टी खोटी आहे."

माझा विश्वासच बसेना. कापडाची टेप मला खोटं म्हणते! ती वापरून वापरून ताणली जाते हे काय मला माहीत नाही? पण मास्तर टोकावर बोट ठेवून सांगत होते, "इथल्या तीन रेघा गेल्यात. शून्य नाहीच हिला. सत्तावीस असेल तिथे ही तीस सांगणार. गिऱ्हाइकाला खूश करणारी पट्टी आहे ही."

सरांनी लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "झिजलीय, माहितीये मला. नव्या पट्टीचा अर्ज केव्हाचा देऊन ठेवलाय. पण काळजी नको, आम्ही शून्यापासून मोजतच नाही. एकपासून मोजतो आणि एक वजा करतो."

"वजा कोण करतं?" मास्तरांनी फोनकडे वाकून विचारलं.

"मी करते."

"आणि कुणी विसरलं तर?"

मॅडम हसल्या. सरही हसले. मी मात्र त्या दिवशी हसण्याच्या स्थितीत नव्हते. मी साऱ्या जगावर संशय घेतला होता, माझ्या स्वतःच्या टोकाकडे एकदाही बघितलं नव्हतं. तीन रेघा हरवून नऊ वर्षं मी मिरवत होते, आणि मॅडम बिचाऱ्या रोज माझी चूक सांभाळून घेत होत्या. मला फार लाज वाटली.

ऑपरेशन दोन आठवड्यांनी झालं. त्याच्या तीन दिवस आधी तपासणी खोलीत एक नवे डॉक्टर बदलून आले होते. मध्यमवयीन, अतिशय काळजीपूर्वक काम करणारे, चष्मा दोनदा पुसल्याशिवाय कशालाही हात न लावणारे. मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पट्टी झिजलीय. एकपासून मोजायचं आणि एक वजा करायचा." सगळं बरोबर सांगितलं होतं. वजा कोणी करायचा, तेवढं मात्र सांगायचं राहिलं.

सकाळी अकराच्या सुमाराला ट्रे आला. मास्तरांच्या जठराचा तुकडा, भोवती पिवळी चरबी. वरच्या काठाला लांब दोरा, खालच्या काठाला आखूड दोरा, म्हणजे वरखाली कळावं. मॅडमनी वरच्या काठाची चकती कापून घेतली आणि गोठवून बघायला त्या शेजारच्या खोलीत गेल्या. नव्या डॉक्टरांनी तुकडा उघडून बुचाच्या फळीवर टाचण्यांनी पसरवला, अजिबात न ताणता. मग चष्मा पुसून मला त्याच्यावर ठेवलं. माझी एकची रेघ काठावर आली आणि गाठीची कड बेचाळीस मिलिमीटरच्या रेघेवर. मी पुन्हा पुन्हा बघितलं, बेचाळीसच.

नव्या डॉक्टरांनी मनातल्या मनात दहा मिलिमीटर वजा केले आणि सांगितलं, "बत्तीस!"

मामांनी फळ्यावर लिहिलं, ३२.

मॅडम आल्या. "काठ स्वच्छ आहे," म्हणाल्या, आणि त्यांची नजर फळ्यावर गेली. या खोलीत फळ्यावरचा आकडा वर्षानुवर्षं कच्चा असायचा. वजाबाकी त्या फोन उचलता उचलता करायच्या. तशीच त्यांनी आजही केली.

"काठ स्वच्छ. अंतर बावीस."

मित्रांनो, मी ओरडू शकत असते तर त्या खिडकीच्या काचा फुटल्या असत्या. माझ्या बेचाळीसच्या रेघेवर अजून ओल होती. दोन माणसांनी, दोन्ही प्रामाणिक, तोच एक दोनदा वजा केला होता. वर टेबलावर झोपलेल्या माणसाचं उरलेलं पोट त्या एकासाठी जाणार होतं. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली असेल. आणि या सगळ्याचं मूळ कुठे? माझ्या घासलेल्या टोकात.

फोनचा आवाज मोठा केलेला होता.  सर म्हणाले, "बावीस? आत मी पंचेचाळीस मोजलं होतं. बाहेर काढल्यावर आक्रसतं, मान्य. पण निम्मं?"

त्या अर्ध्या मिनिटात प्रत्येकाला कुणाचा ना कुणाचा संशय आला. मॅडमना सरांचा आला. सर्जन आत मोजताना ओढून मोजतात, असं त्यांचं जुनंच मत. सरांना तपासणी खोलीचा आला. नव्या डॉक्टरांना स्वतःच्या चष्म्याचा आला आणि मामांना आपल्या अक्षराचा.

"आम्ही मोजलंय ते बरोबर आहे," मॅडम जरा रागानेच म्हणाल्या.

"असेल. पण सगळं पोट काढायला लावणारा आकडा आहे हा. मी पुढे जाऊ का, एवढं सांगा."

मॅडमनी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. त्यांनी फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सावकाश विचारलं, "हा आकडा कच्चा आहे की पक्का?"

"फळ्यावर कच्चाच असतो की आपल्या," मामा म्हणाले.

"मी तर पक्का सांगितला," नवे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

मॅडमनी फोन टेबलावर ठेवला, हातमोजे घातले आणि स्वतः मला उचलून तुकड्यावर ठेवलं.  "बेचाळीस," त्या मोठ्याने म्हणाल्या. "एक वजा. बत्तीस. सर, ऐकताय ना? वजा मी केलंय. आता आणखी कुणी करू नका."

"बत्तीस," सर म्हणाले. "थांबतो."

फोन बंद झाला. मामा खाली बसले. नवे डॉक्टर चष्मा पुसायला लागले, तो बराच वेळ पुसत राहिले. मॅडमनी फळ्यावरचा आकडा पुसला, पुन्हा लिहिला आणि शेजारी लिहिलं, पक्का.

पुढचे दोन दिवस आम्ही चरबीतून त्या छोट्या गाठी शोधत होतो. एकतीस सापडल्या. प्रत्येकीला माझ्याजवळ आणून मोजलं. दोनमध्ये रोग निघाला, दोन्ही पहिल्या रांगेतल्या. दुसरी रांग पूर्ण स्वच्छ होती. नंतर मास्तरांच्या बायकोने सरांना विचारलं म्हणे, "मग ती दुसरी रांग उगाच काढली का?" सर म्हणाले, "ती स्वच्छ होती, हे काढल्यावरच कळलं, ताई." हे उत्तर मला पटलं. न बघता कशालाही स्वच्छ म्हणू नये.

त्याच आठवड्यात नवी पट्टी आली. इतकी वर्षं पडून असलेल्या अर्जाला अचानक पाय फुटले. फळ्यावर आता फक्त पक्का आकडा लिहायचा, असा नियमही झाला. मला एका खणात टाकलं. तिथे मोडक्या कात्र्या होत्या, बूच होतं, वाळलेली पेनं होती. दहा महिने मी तिथे पडून होते. नव्या पट्टीचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? ती पडली की नाही याची मी रोज वाट बघत असे.

मग एक दिवस खण उघडला. मास्तर सरांकडे तपासणीला आले होते आणि त्यांनी मला मागितलं होतं. "खोटी पट्टी कशाला हवी तुम्हाला?" सरांनी विचारलं होतं, तर मास्तर म्हणाले होते, "खोटी आहे हे मला माहीत आहे ना, मग चालेल." मामांनी मला तीनदा उकळलं, पुसलं, कागदात गुंडाळून दिलं. या खेपेलाही ते तेच गाणं गुणगुणत होते. आता मला त्यांचा संशय आला नाही. म्हणजे थोडासाच आला.

तेव्हापासून मी मास्तरांच्या कापायच्या टेबलावर आहे. मोजायला त्यांच्याकडे टेप आहे. माझ्या कडेने ते खडूच्या सरळ रेघा ओढतात, त्या कामाला शून्य लागत नाही. ऑपरेशननंतर मास्तर फार बारीक झाले होते. त्यांनी स्वतःची पॅन्ट स्वतःच कमरेत तीन इंच आत घेतली, पण जादा कापड कापलं नाही. "आत नुसता गोळा झालाय, कापून टाका ना ते," बायको म्हणाली. मास्तर म्हणाले, "राहू दे. माया आहे ती." बायको मशीन चालवत राहिली.

ते थोडं थोडं खातात. दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात. जायच्या आदल्या दिवशी दोघंही कुणाशी धड बोलत नाहीत, आणि मीही काळजीत असते. परत आले की रिपोर्ट टेबलावर माझ्याखाली ठेवतात. आतापर्यंत मी पाच रिपोर्टांवर वजन म्हणून बसले आहे. पाचही चांगले आहेत, तरी सहाव्याचं मी आत्ताच काही सांगणार नाही.

परवा मास्तरांनी ती पॅन्ट उलटी केली आणि कमरेची शिवण थोडी उसवली. पॅन्ट घट्ट होऊ लागली होती. टेप गळ्यातच होती, पण त्यांनी मला उचललं आणि माझी एकची रेघ जुन्या शिवणीवर ठेवली. "दोन," ते म्हणाले. "एक वजा. एक सेंटिमीटर सोडतो."

"वजा कोणी केलं?" बायकोने मशीनवरून विचारलं.

"मी केलं."

"मग मी नाही करत," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या ठिकाणी माझ्यासारख्या झिजलेल्या वस्तू असतील. त्या टाकून देऊ नका. पण त्या कुठे झिजल्यात हे सगळ्यांना मोठ्याने सांगून ठेवा, आणि ती झीज भरून कोण काढणार, हेही ठरवून ठेवा. दुसऱ्यावर शंका घ्यायची असेल तर जरूर घ्या, मीही घेते. फक्त आधी आपलं टोक एकदा तपासून बघा.

मास्तरांनी ती पॅन्ट शिवून पुन्हा अंगात घातली आहे. आतमध्ये अजून बरीच माया शिल्लक आहे. किती, ते मी मोजलेलं नाही.